खांबेट्यांची ग्रीष्मसाधना

श्रीकांत खांबेटे पुण्याच्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर मुलगा निखिल त्यांना आणि रंजनाताईंना हैदराबादला, अंबरपेठेतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. छापखाना सुटला, पण मुद्रितं तपासणं काही सुटलं नाही. लिफ्टमधली सूचना, लग्नाची पत्रिका, सुनेने, रसिकाने, ऑफिसातून मोबाइलवर पाठवलेला ‘आई बाबा जेवलात का’ हा निरोप, सगळ्यांतून त्यांचं लाल पेन फिरायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर ते ‘आळणी झालीय’ म्हणत नसत. ‘मीठ गाळलं गेलं आहे’ म्हणत.

आमच्या सुलतान बाजारातल्या मराठी ज्येष्ठ मंडळात ते ज्या दिवशी आले, त्याच दिवशी त्यांनी मंडळाच्या पाटीवरच्या दोन चुका दाखवल्या. ती पाटी बावीस वर्षं तशीच होती आणि आमचं काही अडलं नव्हतं. मंडळाचं वाचनालय माझ्याकडे असल्यामुळे पाटी रंगवून घेण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे खांबेट्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या मार्चमध्ये त्यांचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, राग कमी करा, जरा निसर्गात जात जा. रसिकाने शहराबाहेरच्या टेकड्यांमधलं एक शिबिर शोधून काढलं आणि सासऱ्यांना दोन दिवसांसाठी तिथे पाठवलं. पांढऱ्या कपड्यांतल्या मार्गदर्शकाने सगळ्यांना एकेका झाडाला मिठी मारून डोळे मिटायला सांगितलं.

“हे झाड कोणतं?” खांबेट्यांनी विचारलं.

“सर, नावात अडकू नका.”

“अडकत नाही हो. पण मिठी मारायची तर ओळख नको का?”

मार्गदर्शकाला झाडाचं नाव ठाऊक नव्हतं. दुपारच्या सत्रात खांबेट्यांनी डोळे उघडे ठेवून शिबिराचं माहितीपत्रक तपासलं, ‘आत्मिक शांति’मधली शेवटची वेलांटी दीर्घ केली आणि संध्याकाळच्या गाडीने रक्तदाबासकट परत आले.

निखिलची कंपनी पोचारमला आहे. तिच्याही पुढे, रस्ता सोडून थोडं आत, एक तळं आणि तिसेक ताडाची झाडं आहेत. एका रविवारी गाडीतून ती दिसली तेव्हा खांबेटे म्हणाले, “इथे मार्गदर्शक नाही. हे चालेल.” दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेच्या पहिल्या बसने, काखेत चटई घेऊन जाऊ लागले.

तिथे त्यांना मल्लेश भेटला. कमरेला पट्टा बांधून झाडावर चढणारा, पन्नाशीचा काटक माणूस. त्याने वरून मडकं उतरवलं, ताडाच्या पानाचा द्रोण वळला आणि पांढरट रस ओतून पाहुण्यापुढे धरला.

“क्या है?” खांबेट्यांनी आपल्या पुणेरी हिंदीत विचारलं.

“कल्लु,” मल्लेश म्हणाला.

खांबेट्यांनी सुलतान बाजारातल्या फुटपाथवरून तेलुगू शिकवणारं एक पातळ पुस्तक घेतलं होतं. त्याच्या अकराव्या धड्यात शरीराचे अवयव होते: कळ्ळु, म्हणजे डोळे.

“कल्लु नव्हे. कळ्ळु,” त्यांनी उच्चार सुधारला. “ळ. जीभ वर वळव.”

मल्लेशने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “कल्लु, पंतुलुगारू,” गुरुजींना सांगावं तसं तो पुन्हा सावकाश म्हणाला.

खेड्यातल्या माणसाला ळ म्हणता येत नाही, एवढं खांबेट्यांच्या लक्षात आलं. बाकीचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला. चव गोडसर होती, म्हणजे ही पुण्यात पहाटे स्टॉलवर मिळते तीच नीरा. आणि ती पिऊन माणसाला नवी दृष्टी येते, म्हणून इथले भाबडे लोक तिला ‘डोळे’ म्हणतात. हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा निखिललाही पटलं. तो या शहरात अकरा वर्षं राहतो, पण कोणाशी तेलुगूत बोलायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही.

एप्रिल लागला, ऊन वाढलं. “बसने नको, बाबा. मी ऑफिसला जाताना सोडतो,” निखिल म्हणाला. निखिल सोडणार म्हणजे साडेनऊ वाजणार. तोवर मडकी खाली येऊन तीन-चार तास उन्हात झालेले असत. खांबेट्यांची आध्यात्मिक प्रगती नेमकी याच दिवसांत वेगाने झाली.

दुपारच्या बसने ते स्वतःशीच हसत घरी येत. रसिकाने ‘शूभ प्रभात’ असं लिहून पाठवलं, त्यावर त्यांनी ‘किती सुंदर लिहितेस’ असं उत्तर पाठवलं. रसिकाने ते निखिलला दाखवून विचारलं, “बाबा ठीक आहेत ना?” रंजनाताईंना त्यांनी बत्तीस वर्षांनी ‘रंजू’ म्हणून हाक मारली आणि आळणी आमटी दोनदा मागून घेतली. त्यांनी एक वहीही ठेवली होती. तिच्यातली एक नोंद मी वाचली आहे: ‘तळ्याकाठी एक बगळा होता. काही वेळाने दोन दिसले. मग उमगलं, दोन्ही एकच आहेत.’

एवढं झाल्यावर मंडळ गप्प कसं बसणार? आमच्या चिटणीस माधवीताईंनी त्यांचं व्याख्यान ठेवलं, ‘ग्रीष्म आणि अंतर्मुखता’. व्याख्यानाला सोळा जण होते आणि त्यांतल्या अकरा जणांनी लगेच त्या जागेच्या दर्शनाची इच्छा दाखवली. पुढच्या रविवारी आम्ही गाडी करून निघालो. माधवीताईंचा चष्मा घरी राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो आणि पोचेपर्यंत अकरा वाजले.

आता मी त्या दिवसाचं काय सांगू? खांबेट्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही मौन पाळलं, झाडांकडे पाहिलं, आणि मल्लेश देत गेला तसे द्रोण रिकामे केले. दुसऱ्या द्रोणाला मला वारा आपल्याशी बोलतोय असं वाटलं. तिसऱ्याला मी खांबेट्यांना पाटीबद्दल मनापासून क्षमा केली. माधवीताईंनी चपला काढल्या, पाय तळ्यात सोडले आणि हुंदके देऊन रडल्या. निसर्गमातेने आपल्याला जवळ घेतलं, असं त्या नंतर म्हणाल्या. मौन कधी सुटलं ते कोणालाच आठवत नाही.

आमच्यात नामदेवराव होते. मूळचं बिदरकडचं शेतकरी घराणं, पण तीन पिढ्या हैदराबादेत, स्वतः वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते चार द्रोण शांतपणे प्यायले आणि खांबेट्यांच्या शेजारी येऊन टेकले.

“साहेब, एक विचारू? तुम्हाला ठाऊक आहे ना हे काय आहे?”

“नीरा.”

“नीरा सूर्य उगवायच्या आत, तीही चुना लावलेल्या मडक्यातली. ही उन्हात आंबली. आमच्या हैदराबादेत सेंधी म्हणतात. ताडी हो.”

“मल्लेश हिला कळ्ळु म्हणतो,” खांबेटे म्हणाले. “कळ्ळु म्हणजे डोळे.”

“डोळ्यांना ळ असतो, साहेब. हिला साधा ल. तो बरोबरच बोलतो की.”

खांबेट्यांनी हातातला द्रोण चटईवर ठेवला. चौतीस वर्षं एका अक्षराने अर्थ कसा फिरतो, हे त्यांनी लोकांना सांगितलं होतं.

“तुम्ही पहिल्याच घोटाला का नाही सांगितलंत?” शेवटी त्यांनी विचारलं.

“सगळे खूश होते. आणि मंडळाची एवढी चांगली सहल आजवर झाली नव्हती,” नामदेवराव म्हणाले.

घरी जाऊन खांबेट्यांनी रंजनाताईंना सगळं सांगितलं. त्या इडलीसाठी तांदूळ निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या.

“मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “पीठ आंबवते मी घरात. तो वास मला नाही येणार?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही भाजीला नावं ठेवत नव्हतात.”

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला. ‘शुद्धिपत्र. माझ्या व्याख्यानात व रविवारच्या सहलीत जेथे जेथे “नीरा” असा उल्लेख आला, तेथे “ताडी” असे वाचावे. “अंतर्मुखता” या शब्दाच्या जागी वाचकांनी आपापल्या अनुभवावरून योग्य शब्द घालावा. क्षमस्व.’

संध्याकाळी माधवीताईंचं उत्तर आलं: ‘निसर्गाची प्रत्येक देणगी पवित्रच असते. पुढच्या रविवारसाठी नावं द्यावीत.’ पहिलं नाव माझं होतं. रात्री जेवणाआधीच नावं वीस झाली आणि मोठी गाडी सांगावी लागली.

खांबेट्यांनी नाव दिलं नाही. आठ दिवस ते पुन्हा लाल पेन घेऊन घरात बसून राहिले आणि त्या आठ दिवसांत रसिकाने त्यांना एकही निरोप पाठवला नाही. मग एका मंगळवारी रंजनाताईंनीच पहाटे डबा भरला आणि दोघं पहिल्या बसने तळ्यावर गेले.

मल्लेशने सवयीने द्रोण वळायला घेतला. “कल्लु नको,” खांबेटे म्हणाले, आणि ल अगदी साधा म्हणाले. मल्लेशने मान डोलावली आणि ताडगोळे फोडून दिले. त्या दिवशी खांबेट्यांनी त्याला पहिल्यांदा झाडावर चढताना नीट पाहिलं. खाली उतरल्यावर विचारलं, तेव्हा कळलं की तो रोज सकाळी तीस आणि संध्याकाळी तीस झाडं चढतो, आणि चार वर्षांपूर्वी पडून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. दीड महिना त्याच्या झाडांखाली बसून खांबेट्यांनी सृष्टीचं रहस्य शोधलं होतं, पण हे विचारलं नव्हतं. रंजनाताईंचा चटईवर डोळा लागला. ते ताडाच्या पानाने त्यांना वारा घालत बसले.

ते परत आल्यावर मी फोन करून विचारलं, “काय, शांती मिळाली का?”

“मुंग्या फार आहेत तिथे,” ते म्हणाले. “आणि चटई दोघांना पुरत नाही. गुरुवारी मोठी घेऊन जाणार आहोत.”