रापणीतला माझा वाटा

मला एकदा मरणासाठी खाटेवरून खाली घेतलं होतं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया भरला होता, तोंडात गंगाजळ घालून झालं होतं आणि आचऱ्याच्या आमच्या वाडीतली माणसं घरापुढच्या खळ्यात जमली होती. मालवणातून आणलेल्या डॉक्टरांनी तरीही पेनिसिलिन टोचलं आणि मी वाचलो. तेव्हा मी पंचविशीही गाठली नव्हती.

वाचलो तो फक्त बसण्यासाठी, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. न्हाणीपर्यंत गेलो तरी आई म्हणायची, "बस रे, धाप लागतली." धाप लागायचीच. पण माझ्या पायांच्या काड्या झाल्या होत्या त्या आता आजारानं नव्हे, खुर्चीनं. हे कुणाला सांगून पटत नव्हतं. शेजारचे बघायला यायचे आणि माझ्यासमोरच माझी तब्येत आईला विचारायचे. डोक्यात तिडीक जायची.

त्याहून वाईट होती ती मासळी. पावसाळा सरला आणि रापण सुरू झाली. किनाऱ्यावरून दोर ओढून जाळं आणायचं, आणि दोरीला ज्यानं हात लावला त्याला मासळीचा वाटा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. वाटे घालायचं काम बाबांकडे. आपल्या वाट्याबरोबर ते रोज मूठभर मासे निराळे आणायचे आणि आईला सांगायचे, "आजाऱ्याक म्हणान सगळ्यांनी दिल्यानी." दयेचे मासे. माझ्या घशाखाली उतरेनात.

एका सकाळी मी उठलो आणि चालायला लागलो. आई आडवी आली. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, असं तिला सांगून मी बाहेर पडलो. वाळूच्या चढावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. शेवटी किनारा गाठला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन दोरी धरली.

बाबा धावत आले. "सोड ती दोरी. घराक चल."

"हात लायलंय. आता सोडूचंय नाय."

"मरशीत."

"एकदा मरान बघलंय."

पुढचे ओढत होते, ते ओढतच राहिले. मी टाचा वाळूत रुतवल्या. खरं सांगायचं तर बराच वेळ दोरीच मला ओढत होती. खोकल्याची उबळ आली की मी दोरीला नुसता लोंबकळायचो. छातीत भाता चालला होता. पण हात सुटला नाही.

जाळं आलं. मासळी बेताचीच, बहुतेक बांगडे. बाबांनी वाळूवर वाटे मांडले आणि मला वगळून पुढे गेले.

"माझो वाटो घाला," मी सगळ्यांदेखत म्हटलं.

ते वळले. माझ्या पायांपाशी त्यांनी मासे ठेवले. इतरांपेक्षा एक बांगडा जास्त होता. मी तो उचलून त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी तो घेतला आणि शेजारच्या गड्याच्या वाट्यात टाकला.