दीदी का दीदी जाने

आमच्या गल्लीतला प्रेसवाला इस्त्री फिरवता फिरवता सगळ्यांचं राजकारण ऐकतो आणि सगळ्यांनाच "सही बात, भैया" म्हणतो. कोणत्या घरातलं मत कुठं जाणार, हे त्याला पाठ आहे. परवा प्रचारवाल्यांनी आमच्या घराकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "यहाँ के सब वोट पक्के?"

आमचे हे फाटकातूनच म्हणाले, "पक्के समझो. घर में सब मेरे कहने पर डालते हैं."

प्रेसवाल्याने इस्त्री उभी ठेवली. पहिल्यांदाच त्याने मान हलवली नाही. "साहब का पक्का," तो म्हणाला, "दीदी का दीदी जाने."

मी दाराआडून ऐकलं.

मतदान करून परतताना ह्यांनी विचारलं, "काहून हसून राहिली? कोणाला दिलं?"

मी म्हटलं, "दीदी जाने."