नानांच्या गिटारवरचं काळं बटण

ऐन लग्नसराईत, जळगावच्या माझ्या ऑफिसात धुळ्याहून फोन आला. नाना गेले. माझे सख्खे चुलते. पण खानदेशात त्यांना ओळखायचे ते गिटारमुळे. चाळीसगावपासून पहूरपर्यंत ज्याच्या वरातीत नाना वाजवायचे, त्याच्या लग्नाची गोष्ट लोक वर्षभर सांगत.

गिटार जर्मन बनावटीची, लाल. ऐंशी सालाच्या सुमारास मुंबईच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून जुनीच घेतलेली. धुळ्याला आली आणि हळूहळू आमच्यातलीच झाली. तिच्यातलं आवाज पकडणारं वेटोळं जळालं, ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून नानांनी नव्या तारेने भरून घेतलं. पुढची पट्टी फुटली, तिथे प्लॅस्टिकचा पाइप तापवून, सपाट करून बसवला. आणि तारांखाली भिंतीवरच्या दिव्याचं असतं तसं काळं बटण! पोरं चिडवायची, "नाना, आता पंखा पण लावा." नाना म्हणायचे, "लावतो. तू गातोस तेव्हा घाम मलाच फुटतो."

ते बटण आलं पहूरच्या एका वरातीनंतर. बँडचा गाडा वळणावर आला, तर समोरच्या घरी मयत झालेली. अशा दारापुढे वाजवायचं नाही, ही आपली रीत. नानांनी हात थांबवला, ढोल थांबले, पण गिटारवरची आवाजाची कळ निकामी होती आणि गाड्यावरचा भोंगा किंचाळतच राहिला. दारात एक बाई उभी होती. नुसती बघत होती... नाना त्या लग्नात जेवले नाहीत. घरी आल्यावर आधी गिटारला भोक पाडलं.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. निकाल लागला तेव्हा नाना आमच्या ओट्यावर बसून दुपारभर वाजवत होते. येणारा-जाणारा विचारी, "नाना, कोनं लगीन शे?" तर म्हणत, "बी.कॉम.नं!"

मागच्या आठवड्यात, मी दुखवट्याला धुळ्यात असताना, नानांच्या गल्लीत वरात आली. बँड नानांचाच, गिटार त्यांच्या शिष्याच्या, सुभाषच्या गळ्यात. नानांचं घर आलं तसं त्याने बटण बंद केलं. टक्. सगळे थांबले, एकटा जनरेटर धडधडत राहिला. सुभाषचं चुकलं नव्हतं, नानांनीच तसं शिकवलेलं. पण मला नानांच्या ओट्यावर बसवेना. त्यांच्याच दारावरून त्यांची गिटार अशी मुकी जाणार?

तेवढ्यात काकू पदर सावरत बाहेर आली.

"सुभाष, काबर बंद करं रे?"

"अक्का... दुखवटा शे ना."

"दुखवटा मना घर शे, नवरदेवना घर नही. ज्यासनी बठ्ठं गाव नाचाडं, त्यासनाच दारवरथून मुका जाशात का?"

सुभाषचा हात उचलेना. मग काकूनेच हात पुढे केला. नानांच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं ते बटण तिने दाबलं.

भोंगा आधी जरा खरखरला. नानांच्या वेळी खरखरायचा, तसाच.