अर्ध्या सेंटीमीटरखाली शून्य

बर्फाच्या नादाला लागलेली माणसं मी जर्मनीत येईपर्यंत पाहिली नव्हती. आता मी त्यांतलीच एक आहे. कायझर्सलाउटर्नला पीएचडी करायला आले, मग इथल्याच एका संस्थेत नोकरी लागली, आणि चौथ्या का पाचव्या हिवाळ्यात एका हवामानाच्या फोरमवर जाऊन बसले. या फोरमवर आमच्या भागातले लोक असतात. एरवी शहाणीसुरती माणसं, पण नोव्हेंबर लागला की दिवसातून चार वेळा नकाशे उघडतात आणि अमेरिकन मॉडेल खरं की युरोपियन यावरून हमरीतुमरीवर येतात. दहा दिवसांनंतर वीस सेंटीमीटर बर्फ दिसला की लग्नघरासारखी धांदल. पाच दिवस उरले की त्या विसाचे आठ होतात, दोन दिवसांवर तीन, आणि प्रत्यक्षात पाऊस. मग सगळे एकमेकांचं सांत्वन करतात आणि पुढच्या दहा दिवसांचे नकाशे उघडतात.

आमचं शहर जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर. बर्फ आणि पाऊस यांच्यातली सीमारेषा नेमकी आमच्या डोक्यावरून जाते. समोरच्या टेकडीवरची झाडं पांढरी आणि आमच्या रस्त्यावर चिखल, हे इतक्यांदा पाहिलंय की मला त्या टेकडीचा राग येतो.

हौशी असलो तरी आमचे नियम कडक. सकाळी सातला मोजायचं. उघड्यावर ठेवलेल्या पांढऱ्या फळीवर पट्टी उभी धरायची. अर्ध्या सेंटीमीटरहून कमी भरला तर तो बर्फ नाही. डोळ्यांना दिसला, हाताला लागला, तरी वहीत शून्य. हे मला शेजारच्या गावातल्या एका आजोबांनी शिकवलं. पोस्टातून निवृत्त झालेले, आयुष्यभर रोज सकाळी मोजत आलेले. "आल्झो, म्हणजे असं बघ, एकदा का शून्याला आपण काहीतरी म्हणायला लागलो," ते म्हणाले होते, "की मग सगळी वहीच खोटी." मला ते पटलं. कडक नियम मला लहानपणापासूनच आवडतात, ते आईकडून आलं.

आई अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. चौथीपर्यंतचे सगळे विषय, पण तिचा जीव भूगोलात. हिमवृष्टीचा धडा आला की ती टेबलावर तिची काळी छत्री उघडून पसरायची आणि वरून डस्टर आपटायची. खडूची भुकटी हळूहळू खाली बसायची. "असा पडतो," ती सांगायची. "आवाज येत नाही. आणि प्रत्येक कणाला सहा कोन असतात." मी तिच्याच वर्गात होते. एका पोराने विचारलं होतं, बाई, तुम्ही पाहिलाय का? आई म्हणाली, "नाही. पण पाहिल्याशिवाय मरायची नाही."

तिचा आणखी एक नियम होता. वर्गात 'नशीब' हा शब्द काढायचा नाही. कोणी म्हणालं, बाई, माझं नशीबच फुटकं, की ती त्याला उभं करायची. "नशीब नाही. कारण सांग." आमच्या घरातही तेच. आमची वस्ती बौद्धांची. दारिद्र्याला नशीब म्हणत पिढ्या गेल्या, आता पुरे, असं ती म्हणायची. नळाला पाणी आलं नाही तरी कारण, माझे आजोबा गेले तरी कारण. माझं लग्न मोडलं तेव्हा शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, पोरीचं नशीब. आई म्हणाली, "नशीब कसलं, मुलगा खोटारडा होता."

मधुमेहाने तिच्या डोळ्यांचे पडदे खराब व्हायला लागले. डावा डोळा आधीच धूसर झाला होता, उजव्यात इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरांनी खात्री कशाचीच दिली नाही. तेव्हा मी तिला म्हटलं, आई, या हिवाळ्यात ये. नोव्हेंबरच्या अखेरीस ती नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली. बॅगेत तीळ, ज्वारीचं पीठ, कानटोपी, एक भिंग आणि एक दगडी पाटी. पाटी कशाला, विचारलं तर म्हणाली, "बर्फ काळ्यावर झेलायचा. पाटी गार असली की विरघळत नाही लगेच. मग भिंगातून कोन मोजू." तिच्या उजव्या डोळ्याला जवळचं तेवढंच दिसायचं, पण भिंग धरलं तर नीट दिसायचं. पाटी तिने बाल्कनीत कठड्याला टेकवून ठेवली. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून झालं की आधी बाल्कनीत जाऊन पाटीला हात लावून यायची. "पाटी तयार आहे," सांगायची. "तुझे नकाशे काय म्हणतात?"

नकाशे डिसेंबरभर मला फसवत राहिले. आठवडाभराने पडेल, असं मी तिला पाच वेळा सांगितलं असेन. तिने एकदाही कुरकुर केली नाही. तिला आल्प्सला घेऊन जाता आलं असतं, मी विचारलंही होतं. "नको गं. तिथे आपण त्याच्याकडे जायचं. मला तो दारात आलेला पाहिजे." खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. माझ्या शहरात, माझ्या फळीवर पडलेला बर्फ आईला दाखवायचा होता. त्यात माझा तोरा होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये बर्फ काढायची पाळी असते. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला एक लाकडी पाटी लटकवतात आणि सातच्या आत समोरचा फुटपाथ साफ करायचा असतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या दाराला लागली. आईला कोण आनंद! "या आठवड्यात आपली पाळी," ती जिन्यात भेटेल त्याला मराठीत सांगायची. तळमजल्यावरच्या बाई तिला जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, म्हणायच्या. खराटा तिने दाराशी आणून उभा केला होता.

त्याच आठवड्यात गुरुवारसाठी सगळी मॉडेल्स पहिल्यांदाच एका सुरात बोलत होती. पंधरा सेंटीमीटर. पोस्टातले आजोबा कधी कशाची हमी देत नाहीत, त्यांनीही लिहिलं, या वेळी चिन्हं बरी आहेत. मी ऑफिसात गुरुवारची सुट्टी टाकली.

मंगळवारी पहाटे साडेसहाला मी उठले. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावरच्या दिव्याखाली बर्फ पडत होता. मोठे, ओले, विस्कळीत कण. अंदाजात कुठेही नसलेला. फुटपाथवर पातळ पांढरा थर बसला होता, त्यातून खालच्या फरशा दिसत होत्या.

मी आईच्या खोलीपाशी गेले. दारावर हातही ठेवला. आत तिचं घोरणं ऐकू येत होतं, थंडीने तिला पहाटेच कुठे झोप लागायची. मी उभी राहिले आणि हिशेबी डोक्याने विचार केला, की हा काही खरा बर्फ नाही, तासाभरात याचा चिखल होईल, आणि आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट तिला असली फाटकी दाखवायची नाही. परवा पंधरा सेंटीमीटर येतोय. पहिला म्हणून तो दाखवू. मी हात काढून घेतला.

मग कोट चढवला, खराटा घेतला आणि खाली जाऊन फुटपाथ झाडला. आमची पाळी होती ना. परदेशातून आलेल्यांनी बर्फ काढला नाही, असं कोणी म्हणायला नको होतं. एवढ्याशा बर्फासाठी त्या सकाळी रस्त्यावर दुसरं कोणीही झाडत नव्हतं. मी मात्र कोपऱ्यापर्यंत सगळं लख्ख केलं. माझ्या बाह्यांवर कण बसत होते. सातला फळीवर पट्टी धरली. अर्ध्याच्या खाली. वहीत शून्य लिहिलं. सव्वासातला त्याचा पाऊस झाला.

आठला आई उठली. "रात्री काही पडलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "परवा."

वहीप्रमाणे मी खोटं बोलले नव्हते. ती हात-तोंड धुऊन आली आणि स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून पंचशील म्हणायला लागली. "मुसावादा वेरमणी" आलं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, तेव्हा मी चहाकडे बघत राहिले. मग ती पाटीला हात लावायला बाल्कनीत गेली. "ओली कशी गं झाली?" आतूनच मी म्हटलं, पाऊस.

गुरुवारी ती दहा वाजल्यापासून बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. दोन स्वेटर, कानटोपी, मांडीवर भिंग. बाहेर पाऊस लागला होता. मी दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघत होते. दीड डिग्री. एका डिग्रीने खाली आला असता तर झालं असतं. दुपारी टेकडी पांढरी झाली. "ते तिकडे काहीतरी उजळलंय," आई म्हणाली, "तोच का?" मी म्हटलं, तोच, येईलच आता खाली. तो आला नाही. पोस्टातल्या आजोबांनी फोरमवर लिहिलं, आमच्याकडे निव्वळ पाऊस. पाचला अंधार पडला तेव्हा आईने कानटोपी काढली, घडी घातली आणि मला म्हणाली, "तू जेवली नाहीस सकाळपासून." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हवामानासाठी रडणारी बाई म्हणून स्वतःची लाजही वाटली.

त्यानंतर हवा उबदार झाली आणि तशीच राहिली. फेब्रुवारीत शेवटी मी हट्टाने तिला डोंगरावर नेलं. तिथेही सगळं हिरवं, धुकं, आणि स्कीवाल्यांसाठी यंत्राने फवारलेल्या बर्फाचा एक मळका पट्टा. आईने वाकून बोटाने टोचून पाहिलं. "हा फ्रीजरमधला आहे," ती म्हणाली. आम्ही बटाट्याचं सूप प्यायलो आणि परत आलो.

विमानतळावर तिने पाटी माझ्या हातात दिली. "राहू दे इथेच. पुढच्या वर्षी लागेल."

पुढच्या वर्षी ती येऊ शकली नाही. उन्हाळ्यात उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, पण पडदा वाचला नाही. आता तिला उजेड आणि अंधार कळतो. खिडकी कुठे आहे ते कळतं.

आणि त्या डिसेंबरात, कुठल्याही मॉडेलने नीट सांगितलेलं नसताना, आमच्याकडे पडला. सकाळी सातला फळीवर अठरा सेंटीमीटर, आणि अजून पडतच होता. फोरमवर आनंदाला उधाण आलं. मी मात्र मोजून वर आले, बाल्कनीतून पाटी बाहेर धरली, भिंग घेतलं आणि अकोल्याला फोन लावला. तिकडे साडेअकरा वाजले होते. वहिनीने आईच्या हातात फोन दिला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"पडतोय, आई."

"किती?"

"अठरा. अजून चालू आहे."

"बाई गं!" ती म्हणाली. "पाटी कुठे आहे?"

"हातात. सहा कोन आहेत, आई. मोजले. तू बरोबर शिकवत होतीस."

"आवाज?"

"नाही येत."

ती खूश झाली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तिला ते दिसणार नव्हतं. मग ती हसून म्हणाली, "मी होते तेव्हा मेला एकदाही फिरकला नाही. नव्हतं माझ्या नशिबात."

नशीब. हा शब्द तिच्या तोंडून मी कधीही ऐकलेला नव्हता. चाळीस वर्षं तिने तो पोरांच्या तोंडून काढला आणि मी तो तिच्या तोंडात घातला होता.

"नशीब नाही, आई," मी म्हटलं. "कारण आहे." आणि मंगळवारची ती सकाळ सगळी सांगितली. दारावर ठेवलेला हात, खराटा, फळी, वही.

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. "पडत होता तेव्हा?" तिने विचारलं.

"हो. मी खाली होते तेव्हा पडतच होता."

"आणि फळीवर किती?"

"अर्ध्या सेंटीमीटरहून कमी. तेवढा धरत नाहीत."

"म्हणजे डस्टर आपटल्यावर छत्रीवर बसायचा तेवढा."

"हो."

ती म्हणाली, "मला तेवढाच तर माहीत होता गं. तेवढा पुरला असता."

मी रडत होते. तिने रडू दिलं. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, आज पाळी कोणाची? मी म्हटलं, आपलीच. "मग जा, झाडून घे आधी. कोणी म्हातारं माणूस घसरायचं." मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि खराटा हातात घेऊन दारातच बसून राहिले.