फुलीच्या उजवीकडचा तारा

कोल्हापुरातून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जेमतेम सतरा अंशांवर दिसतो. शहराचा धूर आणि दिव्यांचा उजेड यांतून तो शोधावा लागतो. दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायचे तर सुरुवात त्याच्यापासून होते. दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करावा लागतो. तो झाला, तर माउंट ताऱ्यांबरोबर फिरतो आणि फोटोत तारा ठिपका राहतो. नाही झाला, तर ठिपक्याची रेघ होते.

हे मी एकावन्नाव्या वर्षी शिकायला घेतलं. माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. शेवटची अकरा वर्षं त्यांनी न दिसता काढली. हा आजार मुलांत उतरू शकतो, दर वर्षी डोळे तपासून घ्या, असं मला तेव्हा सांगण्यात आलं होतं. बातमीदारीच्या धावपळीचं कारण सांगत मी सहा वर्षं गेलो नव्हतो. डोळे शाबूत आहेत तोवर काही बघून घ्यावं, एवढा विचार मी केला. तपासणीचा केला नाही.

शिकवणारे गृहस्थ शिवाजी पेठेत राहतात. त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, त्यात पंपाचे शाफ्ट होतात. माउंट त्यांनी तिथेच स्वतः बनवलेला. मला ते ‘पत्रकार’ म्हणत. फेब्रुवारीच्या अखेरीस मी त्यांच्या गच्चीवर जाऊ लागलो, दिवेलागणीनंतर तासभर.

माउंटच्या अक्षात एक छोटी दुर्बीण असते. तिच्या काचेवर मधोमध फुली आणि भोवती घड्याळासारखे आकडे असलेलं वर्तुळ कोरलेलं असतं. ध्रुवतारा पृथ्वीच्या अक्षाच्या किंचित बाजूला असतो; त्या वेळी तो कोणत्या आकड्यावर हवा, ते मोबाइल सांगतो. मार्चमध्ये आमच्या वेळेला तो तीन आणि चारच्या मध्ये, म्हणजे फुलीच्या उजवीकडे हवा असे. दोन स्क्रू फिरवून तो तिथे आणायचा. यात त्यांची एक शिस्त होती.

“नजर फुलीवर ठेवायची. ताऱ्यामागं पळायचं न्हाय. तारा कडेनं येतोय, त्याला येऊ द्यायचं. आणि स्क्रू अर्ध्या आट्याच्या वर फिरवायचा न्हाय.”

मी डावा डोळा लावत असे. तारा खालून सरकत यायचा, वर्तुळाजवळ पोचायचा आणि नाहीसा व्हायचा. सरळ तिकडे पाहिलं की तो जागेवर असे. नजर फुलीवर आणली की पुन्हा जात असे. मी काच पुसली. धूर असेल, असं धरून चाललो. तिसऱ्या दिवसापासून मी तारा जिथे दिसत राही तिथे, जरा वर दोनच्या जवळ, थांबवू लागलो आणि ‘झालं’ म्हणून सांगू लागलो. बातमीत असं अंदाजाने काही घातलं असतं, तर मी स्वतःच ते कापलं असतं.

पाच संध्याकाळी आम्ही मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे फोटो काढले. पाचही फोटोंत ताऱ्यांच्या रेघा आल्या. त्यांनी ते लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले आणि बराच वेळ पाहत बसले.

“पत्रकार, तारा नेमका कुठं ठेवताय?”

“सांगितलाय तिथंच.”

“मग ही रेघ रोज एकाच अंगाला कशी? हात चुकला तर चूक रोज येगळी निघती. रोज तीच चूक निघाली तर मापायचं हत्यारच बिघडलेलं असतंय. वर्कशॉपात आम्ही पयलं तेच बघतो.”

“म्हणजे ती छोटी दुर्बीण?”

“दुर्बीण मी आज सकाळी तपासली. ती बरोबर हाय.”

ते उठले, स्वतः डोळा लावून तारा जागेवर आणला आणि मला पुढे बोलावलं. “आता स्क्रूला हात लावू नका. उजवा डोळा लावा. फुलीवर बघा. दिसतोय?”

“दिसतोय.”

“आता डावा.”

फुली दिसत होती. वर्तुळ दिसत होतं. तारा नव्हता.

“बोला की.”

“नाही दिसत.”

त्यांनी पुन्हा उजवा लावायला सांगितला, पुन्हा डावा. उत्तर बदललं नाही. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन वर आल्या. “बसा की घडीभर! तारा काय पळून जातोय व्हय?” त्या हसल्या. कप कठड्यावर ठेवून त्या खाली गेल्या. मग मी त्यांना वडिलांच्या काचबिंदूचं आणि चुकवलेल्या सहा वर्षांच्या तपासणीचं सांगितलं.

“उद्या वर्कशॉप बंद ठेवतो,” ते म्हणाले. “मी येतो संगं.”

“मी जाईन एकटा.”

“सा वर्सं एकटंच जाणार हुतासा न्हवं?”

दुसऱ्या दिवशी ते आले. दवाखान्यात माझा एक डोळा झाकून मला एका पांढऱ्या गोलार्धासमोर बसवण्यात आलं. मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहायचं, कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याची तपासणी सुरळीत झाली, असं मला वाटलं. डाव्याच्या वेळी मध्येच बराच वेळ काही चमकलं नाही. मशीन बंद पडलं का, असं मी विचारलं.

“चालू आहे,” तपासणारी मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी दोन कागद पुढ्यात ठेवले. डाव्या डोळ्याच्या कागदावर नाकाच्या बाजूला काळा पट्टा होता. हे मला इतके दिवस कसं कळलं नाही, असं मी विचारलं. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेलं मेंदू जुळवून घेतो, असं त्यांनी सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. थेंबांनी पुढचं थांबवायचा प्रयत्न करता येईल. मग त्यांनी उजव्या डोळ्याचा कागद माझ्याकडे सरकवला. त्यावरही, नाकाच्याच बाजूला, फिकट करड्या रंगाचे चार चौकोन होते.

“ही सुरुवात आहे,” ते म्हणाले.

बाहेर बाकावर लेथवाले बसले होते. मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते जवळून पाहिले, उजव्या डोळ्याचा जरा जास्त वेळ.

“आता घाई करा,” ते म्हणाले. “उजव्यानं शिका. जे शिकायचं हाय ते लवकर शिकून घ्या.”

एप्रिलमध्ये आम्हाला नऊ संध्याकाळी मिळाल्या. मेमध्ये वळवाचे ढग रोज येऊ लागले आणि फक्त तीन मिळाल्या. जूनपासून आभाळ बंद आहे. कोल्हापुरात ते ऑक्टोबरात उघडतं. उजव्या डोळ्याची पुढची तपासणी सप्टेंबरात आहे.