नळीवरचा भुपेंद्र

आमच्या दिघोरीचा भुपेंद्र भंडाऱ्याकडच्या एका औषधी कारखान्यात नळीवर आहे. नळी करंगळीहून बारीक, वेटोळं करून बर्फाच्या पाण्यात बुडवलेली. दोन पंपांतून दोन द्रावणं येतात, नळीत भेटतात अन् डायझो नावाचा माल तयार होतो. मोठा नाठाळ माल. साठवला तर सडते, वाळला तर फुटते. म्हणून थेंबाथेंबानं करायचा अन् पुढच्या नळीत लगेच खपवायचा. आधी तो मोठ्या हंड्यात करत, तेव्हा सारे दुरूनच पाहत. नळी आली, साऱ्यांची भीती गेली. भुपेंद्र मात्र तिथंच बांधला गेला.

जोडीले चंद्रकुमार होता, गावचाच, भुपेंद्रनंच कामाले लावून दिलेला. मागच्या वर्षी नळीत खडे धरले, दाब चढला, सांधा गळू लागला. अशा वेळी दोन्ही पंप साध्या पाण्यावर घ्यायचे अन् खालचा नळ उघडाच ठेवायचा, म्हणजे दाब उतरते. पण धानाच्या बांधीतून पाणी वाहून जाताना दिसलं, का दिघोरीचा माणूस आधी खालचं तोंड बुजवते. चंद्रकुमारनं तेच केलं. सांधा उडाला, भिंत काळी झाली. तेव्हापासून भुपेंद्रले सुटी नाही. बापाच्या धानाच्या रोवण्याले नाही, साळ्याच्या लग्नाले नाही.

त्या दिवशी मात्र साकोलीच्या कॉलेजात त्याची मुलाखत होती. प्रयोगशाळेतली नोकरी, दिवसाची, कायमची. बायको टीनानं शर्ट इस्त्री करून दिला होता. शिफ्टचे साहेब केशवराव म्हणाले, माल संध्याकाळी गेलाच पाहिजे, नळी थांबणार नाही. चंद्रकुमार उभा राहात असंल तर जा. महिनाभर भुपेंद्रनं त्याले घोकवून घेतलं होतं. विचारलं का चंद्रकुमार पाठ म्हणून दाखवे.

भुपेंद्रनं एप्रनच्या गुंड्या सोडल्या. चंद्रकुमार हासला.

"जाय ना गा, नवरदेवा. पोरगी पाहाले जाऊन राहिला का नोकरी?"

दारापर्यंत गेला अन् सवयीनं मागं पाहिलं. दाबाचा काटा हलला होता. सांध्यावर एक थेंब लोंबत होता. चंद्रकुमारच्या तोंडात पाठ सुरू होता, दोन्ही पंप पाण्यावर, दोन्ही पंप पाण्यावर. अन् हात खालच्या नळावर पोचला होता.

भुपेंद्रनं धावत येऊन मनगट धरलं. पंप पाण्यावर घेतले. काटा हळूहळू उतरला, सांध्यावरचा थेंबही थांबला. चंद्रकुमार म्हणाला, "आता नाही चुकत. तू जाय भाऊ."

"तुयावर भरोसा आहे मले. तुया हातावर नाही."

"मंग काढून ठेवू का हात?"

दोघंही हासले नाहीत. बाहेर साकोलीची गाडी थांबून निघून गेल्याचा आवाज आला. टीनाचा फोन वाजला, वाजून राहिला. भुपेंद्रनं पंप परत द्रावणांवर घेतले, इस्त्रीच्या शर्टावर एप्रन गळ्यापर्यंत लावला अन् स्टूल ओढून काट्यासमोर बसला.

केशवराव आत डोकावले. नळी सुरू दिसली, तसेच परत गेले.