घोडीची घोंगडी

सारंगखेड्याच्या जत्रेत माझ्या चाऱ्याच्या दुकानाशेजारी घोड्यांचा एक व्यापारी उतरायचा. थंड पहाडी मुलखातला, पण आमच्यात राहून अहिराणी शिकलेला. घोडीच्या दाट केसांत बोटं खुपसून म्हणायचा, "पाठवर बरफ पडस, तरी वितळत नही. आंगनी ऊब केस धरी ठेवतस. हाई तिनी घोंगडी शे, भाऊ."

गिऱ्हाइकांना मात्र तुकतुकीत घोडी हवी. एका साली त्यानं नाइलाजानं एक घोडी भादरून विकली. घेणारा निघाला तोरणमाळचा, जिथं पौषात दवसुद्धा गोठतं. व्यापाऱ्यानं अंगावरची घोंगडी काढून घोडीच्या पाठीवर बांधली आणि जत्राभर कुडकुडत बसला.

पुढच्या साली तो तोरणमाळवाला पायीच आला. खांद्यावर तीच घोंगडी होती. त्या साली व्यापाऱ्यानं एकही घोडी भादरली नाही.